दुखत नाही तोवर

११ मार्च २०१३, सोमवार. खोबऱ्याच्या वखारीत बाकोआच्या हातात तीनशे बारा डॉलर चाळीस सेंट पडले. किलोला ऐंशी सेंट हा भाव, आणि माल तीनशे साडेनव्वद किलो. त्यानं आणि आकोयानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, नारळ गोळा करून, सोलून, फोडून, वाळवून तो पोत्यांत भरला होता. बाकोआनं नोटा तिथंच उभ्यानं मोजल्या, घरी येऊन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातल्या आणि डबा मचाणाच्या छपरात, झावळ्यांच्या आत खोचून ठेवला.

"झालं," तो आकोयाला म्हणाला. "मे महिन्यात तारावाला जायचं. जायच्या-यायच्या विमानाचे निघाले. उरलेल्यात तुझ्या मावसबहिणीकडे राहायचं. इस्पितळात काही द्यावं लागत नाही."

"नक्की ना? की आयत्या वेळी परत फिराल?"

"नक्की."

आकोयानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती पुन्हा मासे खारवायला बसली. दोन वर्षं ती हेच सांगत होती आणि दोन वर्षं तो ऐकत नव्हता. आता स्वतःहून म्हणतोय म्हटल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिला भीती वाटली. दुखत असल्याशिवाय हा माणूस माडावरून खाली उतरणार नाही, हे ती पस्तीस वर्षांच्या संसारात शिकली होती.

बाकोआ अठ्ठावन्न वर्षांचा होता. राजधानी तारावापासून लांब, दक्षिणेकडच्या एका अरुंद बेटावर, एका बाजूला महासागर आणि दुसऱ्या बाजूला खाजण, अशा पट्टीवर त्याचं घर होतं आणि घरामागे त्याचे पाच माड. बेटावर माड सगळ्यांचेच, पण नीरा काढायचे माड वेगळे. न उमललेली पोय दोरीनं करकचून बांधायची, रोज थोडी थोडी वाकवायची, आणि मग सकाळ-संध्याकाळ वर चढून तिचं टोक पातळ कापायचं. थेंब थेंब नीरा खाली बांधलेल्या बाटलीत जमते. एक खेप चुकली तर धार मंदावते. दोन-तीन दिवस चुकले तर पोय वाळून जाते आणि माड त्या पोयीपुरता गेला. म्हणून नीरा काढणाऱ्या माणसाला ना आजारपण, ना गावाला जाणं. बाकोआ सोळाव्या वर्षापासून चढत होता. त्याच्या काकानं त्याला कसं बांधायचं, कसं कापायचं ते शिकवलं होतं आणि हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही हेही सांगितलं होतं. प्रत्येक घराचा हात वेगळा असतो आणि तो घरातच राहतो.

वर चढलं की बाकोआ गायचा. सगळेच गातात. खाली विहिरीवर बायका अंघोळ करत असल्या तर वर माणूस आहे हे त्यांना कळायला हवं. पण बाकोआचा आवाज खरोखरच चांगला होता आणि संध्याकाळी तो शेंड्यावरून गायला लागला की शेजारपाजारची माणसं बोलणं थांबवायची.

त्याची नीरा गोड असते असं गावात बोललं जायचं. ताजी असेल ती सगळ्यात आधी नातवाला. मुलगी तारावाला माशांच्या कारखान्यात होती, तिथंच चौघींबरोबर एका खोलीत राहायची, आणि तिचं पोर, दोन वर्षांचा तोआ, आजी-आजोबांकडे होता. त्याला दूध म्हणजे तीच. उरलेली आटवून आकोया काकवी करायची. ती काकवी चहात, उकडलेल्या अळूच्या गड्ड्यांवर, नीरफणसाच्या कापांवर. घरात साखर कधी आणावी लागली नव्हती.

जांघेतली गाठ बाकोआला सहा वर्षांपूर्वी अंघोळ करताना सापडली. उजव्या बाजूला, पाखराच्या अंड्याएवढी. आडवं झालं की आत जायची, खोकलं की बाहेर यायची. दुखत नव्हती. त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण लुंगीवर वावरणाऱ्या माणसाची गाठ किती दिवस लपणार? आकोयाचा धाकटा भाऊ तेबुआई एकदा त्याच्या शेजारी बसून जाळं विणत होता. त्यानं डोळा बारीक करून विचारलं, "दाजी, माडावरून उतरताना अंडी चोरून आणता की काय?"

"समुद्रपाखराचं आहे," बाकोआ म्हणाला. "उबवतोय."

"फुटलं की बोलवा हो आम्हाला. कुणावर गेलंय ते बघायला येऊ."

सगळे हसले, बाकोआही हसला. त्या दिवसापासून ती गाठ म्हणजे 'दाजींचं अंडं' झाली आणि एकदा हसण्यावारी गेल्यावर तिच्याविषयी खरं कुणी बोलेना.

मग दोन वर्षांपूर्वी बाहेरच्या देशातून आलेलं डॉक्टरांचं पथक एका दिवसापुरतं बेटावर आलं होतं. तारावाला मोठी ऑपरेशनं करायची आणि जाता-येता एखाद्या बेटावर माणसं तपासायची अशी त्यांची रीत. आकोयानं बाकोआला ढकलतच दवाखान्यात नेलं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बिनतारी संच आणि नर्स रुता. ही रुता त्याच गावची पोर, त्याला काका म्हणणारी. डॉक्टर उंच होता, घामानं निथळत होता. त्यानं बाकोआला उभं करून खोकायला लावलं, मग आडवं केलं, मग रुताच्या तोंडून सांगितलं.

"काका, हे म्हणतात हा हर्निया आहे. पोटाच्या भिंतीला तिथं भोक पडलंय आणि त्यातून आतडं डोकावतं. औषधानं जायचं नाही. भोक शिवायचं असेल तर ऑपरेशन. पण तुम्हाला दुखत नसेल, कामात अडचण होत नसेल, तर नुसतं लक्ष ठेवून थांबलं तरी चालतं. असे पुष्कळ पुरुष थांबतात. त्यांतल्या फार थोड्यांनाच एकाएकी काही होतं."

"मग थांबू," बाकोआ म्हणाला.

"ऐकून तर घ्या. थांबलेल्यांतले बरेचसे पुढे दुखायला लागलं म्हणून येतातच, म्हणतात. आणि कधी ती बाहेर आली आणि आत जाईना, दगडासारखी झाली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर मात्र काही तासांत ऑपरेशन व्हायला हवं. नाहीतर आतडं मरतं."

डॉक्टरनं आणखी काही विचारलं. रुतानं उत्तर दिलं.

"काय म्हणाला?" बाकोआनं विचारलं.

"इथून तारावाला कसं जातात ते विचारलं. मी म्हटलं, मंगळवारी आणि शुक्रवारी विमान येतं, वारा बरा असेल तर." रुता हसली, पण डोळ्यांनी नाही. "तेव्हा तुमच्या आतड्याला सांगून ठेवा, अडकायचं तर सोमवारी किंवा गुरुवारी अडक म्हणून. ते म्हणतात, शहरात राहणाऱ्याला मी थांब म्हटलं असतं. तुम्ही इतक्या लांब राहता, तुमचं तुम्ही ठरवा."

"करून घेतलं तर माडावर कधी चढायचं?"

"दीड-दोन महिने नाही."

बाकोआनं तिथंच ठरवलं. पाच पोयी, पाच माड, दीड-दोन महिने. त्यापेक्षा हे अंडं बरं.

इथवर सगळं ठीक होतं. चूक झाली ती त्या संध्याकाळी, मनेआबात. गावाच्या त्या मोठ्या छपराखाली पाहुण्या डॉक्टरांसाठी नाच आणि जेवण होतं, आणि जेवणानंतर म्हातारी मंडळी एकेकाला विचारत होती, तुला काय सांगितलं, तुला काय सांगितलं. बाकोआची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. एरवी तो मनेआबात फार बोलत नसे. त्या दिवशी बोलला. "डॉक्टर म्हणाला, बाकोआ, तुझ्यासारखा गडी मी पाहिला नाही. दुखत नाही तोवर खुशाल चढ. सुरीची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेबुआईनं ओरडून विचारलं, "आणि अंड्याचं काय म्हणाला?" "म्हणाला, उबवत राहा." मनेआबा हसून हसून लोळली. डॉक्टरचं अर्धं बोलणं त्यानं गिळलं आणि उरलेलं अर्धं सगळ्या गावाच्या स्वाधीन केलं.

त्यानंतर वर्षभरात दुखायला लागलं. आधी संध्याकाळी ओढल्यासारखं. मग चढताना. मग पाखराच्या अंड्याचं कोंबडीचं झालं, आणि दिवसातून दोनदा आडवं पडून हातानं आत ढकलावं लागायचं. गेल्या नोव्हेंबरात एकदा होडीच्या शेडमध्ये ती आत जाईचना. बाकोआ वाळूवर पाठ टेकून, पाय होडीच्या काठावर टाकून पडून राहिला. पोटात काहीतरी मुरडत होतं. तोंडाला पाणी सुटलं होतं. बराच वेळ गेला, मग एकदम गुडगुड आवाज झाला आणि ती सरकून आत गेली.  समुद्रात दोनदा होडी उलटली होती तेव्हाही तो असा घाबरला नव्हता.

तो रुताकडे गेला. तिनं तपासलं आणि म्हणाली, "काका, थांबायचे दिवस संपले. पथक मे महिन्यात तारावाला येतंय. मी नाव कळवते. ऑपरेशन फुकट आहे, पण विमानाचं तिकीट तुमचं. तातडीचं असेल तरच सरकार नेतं."

"कळव. पण गावात बोलू नकोस."

"का?"

बाकोआ लुंगी नीट करून उठला. मनेआबात उभं राहून बोललेलं मागं घ्यायचं म्हणजे मनेआबातच उभं राहावं लागतं. त्यापेक्षा गुपचूप खोबरं करावं, पैसे साठवावेत, एका मंगळवारी विमानात बसावं आणि भोक शिवून परत यावं. पाच पोयी वाळतील. वाळू देत. पावसानंतर नव्या बांधता येतील. हा हिशेब त्यानं मनाशी नीट केला होता आणि त्यात कुठं चूक नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेबुआई आला. एरवी तो मागच्या बाजूनं हाका मारत यायचा. त्या दिवशी समोरून आला, धुतलेला सदरा घालून, आणि मचाणाच्या कडेवर न बसता खाली चटईवर मांडी घालून बसला. बाकोआला तेव्हाच कळलं. आकोयालाही कळलं. ती चुलीपाशी होती, ती वळून बसली.

आधी माशांचं बोलणं झालं. मग वाऱ्याचं. मग तेबुआईनं पानात गुंडाळलेली तंबाखू पुढे केली आणि म्हणाला, "दाजी, मी बुबुती घेऊन आलोय."

बुबुती म्हणजे नात्यातल्या माणसानं समोर बसून, नाव घेऊन केलेलं मागणं. त्याला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याची मनेआबातली जागा कुणी काढून घेत नाही, पण तो तिथं बसला की आजूबाजूचं बोलणं थांबतं, आणि हे त्याच्या मुलांपर्यंत चालतं. उलट, दिलेलं परतही मागायचं नसतं. बाकोआनं स्वतः आयुष्यात दोनदाच बुबुती केली होती. एकदा जाळ्यासाठी आणि एकदा बापाच्या शवपेटीच्या फळ्यांसाठी.

"बोल," तो म्हणाला.

"आमच्या पोराचं, इताआकाचं, नाव लागलंय. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला. सहा महिने काम केलं तर घर उभं राहील, दाजी. पण आधी पासपोर्ट, मग पोलिसाचा कागद, मग डॉक्टरची तपासणी, सगळं तारावाला आणि सगळं रोख. तीनशे डॉलर लागतात."

 वखारीत कुणाला किती मिळाले हे गावात कुणापासून लपत नाही.

तेबुआई थोडा अवघडला. तो वाईट माणूस नव्हता. "मला कुणीतरी म्हणालं, तुम्ही ते पैसे त्या अंड्यासाठी ठेवलेत म्हणून. मी म्हटलं, छे! दाजींनी सगळ्यांसमोर सांगितलंय, डॉक्टर म्हणाला दुखत नाही तोवर थांब. पण तसं असेल तर सांगा. दुखतंय का, दाजी?"

चुलीपाशी आकोयाचा हात थांबला.

हो म्हणायचं असतं तर तीच वेळ होती. हो म्हटलं असतं तर तेबुआई उठून गेला असता, बहुतेक वाईटही वाटून घेतलं नसतं. पण मग गावात दोन गोष्टी झाल्या असत्या: बाकोआनं मनेआबात खोटं सांगितलं, आणि मेव्हण्याच्या बुबुतीला पोटदुखीचं कारण पुढे केलं. लोक दुसरी आधी सांगतील आणि पहिली तिच्या पुराव्याला जोडतील.

"नाही," बाकोआ म्हणाला.

त्यानं उठून छपरातला डबा काढला, तीनशे मोजून तेबुआईच्या हातावर ठेवले आणि बारा डॉलर चाळीस सेंट डब्यात परत टाकले. उठताना ती गाठ बाहेर आली होती. तेबुआई जाईपर्यंत तो तिच्यावर हात न ठेवता बसून राहिला.

मग आकोया पुढे आली. "माझा भाऊ आहे म्हणून सांगते. मी असते तर नाही म्हणाले असते."

"तू असतीस तर? तू तिथंच होतीस की."

ती चुलीकडे वळली. तिथूनच म्हणाली, "मग आता तुम्ही मागा. माझा चुलतभाऊ आहे, तुमचे दोन पुतणे आहेत. बुबुती तुम्हालाही येते."

"काय सांगून मागू? दुखत नाही म्हणालोय."

"अहो, पण दुखतंय!"

"ते तुला माहीत आहे."

मे महिन्यात रुता दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी ती चिडली. "तातडीचं असतं तर सरकारनं नेलं असतं. तसं खोटं मला लिहिता येत नाही. आणि ते खरं होईपर्यंत तुम्ही बसून राहणार?"

"पुढच्या वर्षी पथक येईलच ना?"

"येईल. तुम्ही याल का?"

पथक आलं आणि गेलं. आकोयानं जुन्या चादरीची पट्टी शिवली, आत काथ्या ठासून भरला, आणि बाकोआ ती कमरेला आणि मांडीखालून आवळून बांधायला लागला. घामानं काथ्या टोचायचा. त्यानं दोन माड सोडून दिले, सगळ्यांत उंच दोन. गावात सांगितलं की त्या पोयींना कीड लागली. तीन माडांवर तोआपुरती नीरा निघत होती, काकवी मात्र कमी झाली.

जूनमध्ये इताआका तारावाहून परत आला. तपासणीत त्याच्या छातीच्या फोटोवर डाग निघाला. काम गेलंच, वर सहा महिन्यांच्या गोळ्या मागे लागल्या. पैसे पासपोर्टात आणि राहण्यात संपले होते.   तेबुआई विहिरीवर यायचं सोडून महासागराच्या बाजूनं वळसा घालून जाऊ लागला.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी बाकोआ तिसऱ्या माडावर होता. आकोया खाली तोआला घेऊन उभी होती. गाणं मधेच थांबलं. कडवं संपलं म्हणून नव्हे, शब्दाच्या मधेच. तिनं वर पाहिलं.

"अहो?"

वरून उत्तर आलं नाही. मग झावळ्यांची खसखस झाली, आणि बाकोआ खोडाला पोट घासत, मिठी मारल्यासारखा, हळूहळू खाली सरकला. शेवटचे दोन हात तो पडलाच. कमरेची पट्टी सुटली होती. गाठ मुठीएवढी झाली होती आणि घट्ट. तिनं हात लावला तसा तो ओरडला. त्याला ओरडताना तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

तेबुआईच सगळ्यात आधी धावत आला. त्यानं आणि इताआकानं दाराच्या फळीवर घालून बाकोआला दवाखान्यात नेलं. वाटेत तो दोनदा ओकला. रुतानं पाय उंच करून ठेवले, दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, हलक्या हातानं एकदाच दाबून पाहिलं आणि हात काढून घेतला. मग ती बिनतारी संचापाशी बसली. तारावाचं इस्पितळ तयार होतं. विमान तिकडे उत्तरेच्या बेटावर वाऱ्यानं अडकलं होतं, आणि धावपट्टीवर दिवे नव्हतेच. उद्या, म्हणाले. जमेल तितक्या लवकर.

तेबुआई खाटेजवळ जमिनीवर बसला होता. "दाजी, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तू मागितलंस."

"मी विचारलं होतं. दुखतंय का, म्हणून विचारलं होतं."

"हो," बाकोआ म्हणाला. "विचारलं होतंस." आणि त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

विमान रविवारी दुपार उलटल्यावर आलं. संध्याकाळी तारावाला त्याचं पोट उघडलं तेव्हा आतड्याचा हातभर तुकडा काळा पडला होता. तो कापून काढावा लागला. जखम चिघळली, पुन्हा उघडावी लागली. मुलगी कारखान्यातून सुटली की यायची, भात आणि माशाचं कालवण घेऊन, आणि तो दोन घास खाऊन बाजूला सारायचा. तो वाचला. तिथल्या डॉक्टरनं ते दोनदा सांगितलं, कारण वाचलेल्या माणसाच्या तोंडावर तसं दिसत नव्हतं.

"माडावर कधी चढायचं?" बाकोआनं विचारलं.

"पुन्हा नाही."

"किती महिने?"

"बाबा, महिने नाहीत. पुन्हा नाही. पोटाची भिंत राहिलेली नाही तिथं."

डिसेंबरात तो बेटावर परतला. लुंगी कमरेवर ठरत नव्हती इतका वाळला होता. विमानातून उतरल्यावर घरी जाईपर्यंत त्यानं कुणाला काही विचारलं नाही. मग घरामागे जाऊन वर पाहिलं. तिन्ही पोयी वाळून तपकिरी झाल्या होत्या, दोरीसकट लोंबत होत्या.

"तेबुआई चढत होता," आकोया म्हणाली. "रोज चढला. दोन्ही वेळा. स्वतःचे माड सांभाळून. पण तुमच्या पोयींनी त्याला दिलं नाही."

तेबुआई दुसऱ्या दिवशी आला आणि मान खाली घालून उभा राहिला. "जाड कापलं मी. कळत होतं की जाड होतंय."

तेव्हा बाकोआनं असं केलं जे त्याच्या काकानं कधी माफ केलं नसतं. त्यानं घराबाहेरच्या माणसाला हात शिकवायचं ठरवलं. जवळच्या माडावर नवी पोय आली होती. रोज सकाळ-संध्याकाळ तो खाली खोक्यावर बसायचा आणि तेबुआई वरून विचारायचा.

"दोरी किती आवळू?"

"ती कण्हेपर्यंत."

"पोय कण्हते होय?"

"तुझ्या हाताखाली नाही कण्हत. आणखी आवळ."

"आणि कापू किती?"

"नखाएवढं."

"कुणाच्या नखाएवढं, दाजी? तुमच्या की तोआच्या?"

"खाली ये, दाखवतो." आणि तेबुआई खाली यायचा, बाकोआ झावळीच्या देठावर सुरी धरून दाखवायचा, आणि वर गेल्यावर ते तसं व्हायचं नाही. बाकोआला खालून दिसत नव्हतं, तेबुआईला वरून सांगता येत नव्हतं. कापायचं किती हे बाकोआच्या मनगटाला माहीत होतं, तोंडाला नाही. तीन आठवड्यांनी ती पोय मधोमध चिरली. तेबुआईचे स्वतःचे सहा माड होते, घरात नऊ माणसं होती, आणि इताआकाला अजून धाप लागत होती. त्यानं कधी नाही म्हणून सांगितलं नाही, फक्त उशिरा यायला लागला, मग एकच वेळ, मग नाही.

बाकोआनं त्याला हाक मारली नाही. रुता अधूनमधून जखम बघायला येते. पथकाच्या यादीत नवी नावं घेताना तिनं त्याला एकदा म्हटलं, काका, मनेआबात चार शब्द बोला, अजून तिघांना हे आहे आणि तिघंही तुमचं नाव सांगून थांबलेत. बाकोआ मनेआबात गेला. त्याच्या जागेवर बसला. बोलायची वेळ आली तेव्हा त्यानं उठायचा प्रयत्न केला, पोटाला हात लावला आणि तो तसाच बसला. लोकांना वाटलं, दुखतंय म्हणून बसला. त्यांनी आदरानं मान हलवली आणि पुढच्याला बोलायला सांगितलं.

संध्याकाळी दुसऱ्यांच्या माडांवरून गाणी येतात. त्या वेळी तो आत जाऊन झोपतो.

तोआ आता तीन वर्षांचा झालाय. नीरा नाही म्हटल्यावर तो आधी रडला, मग त्याला चहाची सवय लागली. चहा गोड लागतो त्याला, आणि काकवीची बरणी जानेवारीतच रिकामी झाली. आकोया दुकानातून साखर आणते. दोन किलो साखरेचे तीन डॉलर साठ सेंट दुकानात द्यायचे बाकी आहेत.